जुन्या गाडीचा वारस

घरातील जुनी वस्तू काढून तिच्या जागी नवी आणावयाचा प्रश्न निघाला म्हणजे कुटुंबात दोन पक्ष पडतात, हा अनुभव बहुतेकांच्या परिचयाचा असेल. वस्तू किरकोळ असली तर वाद घटकाभरात मिटतो. पण ती मोटारगाडी असली, आणि तीही वडिलांच्या हातची असली, म्हणजे प्रकरण सहजासहजी निकालात निघत नाही. आमच्या येथे गेल्या दिवाळीपासून असाच एक वाद चालू होता. तीर्थरूपांनी १९८४ साली घेतलेली गाडी चाळीस वर्षांहून अधिक काळ आमच्या अंगणात उभी आहे. तिच्यातून आमची वरात निघाली, आमची कन्या सूतिकागृहातून घरी आली, आणि शेवटच्या दुखण्यात तीर्थरूपांस इस्पितळात नेले तेही तिच्यातूनच. ती कन्या आता मिळवती झाली असून, “बाबा, आता एक चांगली मोठी सेडन घेऊ या, पैशाची काळजी तुम्ही करू नका,” असे तिचे म्हणणे पडले. अंगणात गाडी एकच मावते. तेव्हा नवी यावयाची म्हणजे जुनी जावयाची, हे उघड होते. आम्ही जुन्या पक्षाचे, कन्या नव्या पक्षाची, आणि आमचे कुटुंब दोन्ही पक्षांस समजूत घालणारे. मातोश्रींचे वय त्र्याऐंशी. त्यांनी या वादात काहीच मत दिले नव्हते, आणि आम्हीही ते विचारले नव्हते.

इतिहास शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला वर्तमानात अडचण पडली की भूतकाळात आश्रय शोधण्याची खोड लागते. आम्हीही तेच केले. लाडक्या जुन्या गाडीच्या जागी नवी उंची गाडी निवडण्याचा प्रसंग आमच्यावरच प्रथम आला आहे असे थोडेच आहे? तो मोठमोठ्या कारखान्यांवर आला, साम्राज्ये चालविणाऱ्या सरकारांवर आला, आणि आपल्या देशाच्या पंतप्रधानांच्या कचेरीवरही आला. अशा वेळी माणसे नेमके काय निवडीत असतात, हे त्या इतिहासावरून समजेल असे आम्हांस वाटले. त्यांतील तीन प्रसंग वाचकांपुढे ठेवितो.

पहिला प्रसंग इंग्लंडातील रोल्स-रॉइस कारखान्याचा. या कारखान्याने १९०६ च्या नोव्हेंबरात लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात सहा नळकांड्यांच्या एंजिनाची एक नवी गाडी मांडली. तिचे कारखान्यातील नाव रुक्ष होते : ‘४०/५० अश्वशक्ती’. पुढल्या वर्षी त्या जातीची एक गाडी रुपेरी रंगाने रंगवून तिला ‘सिल्व्हर घोस्ट’, म्हणजे रुपेरी भूत, असे नाव देण्यात आले. ती आवाज न करता चाले म्हणून भूत. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली ही गाडी लंडन व ग्लासगो यांमध्ये येरझारा घालीत १४,३७१ मैल चालली. चाचणीच्या अखेरीस ती खोलून पाहता झिजलेले भाग बदलावयास दोन पौंड, दोन शिलिंग व सात पेन्स एवढाच खर्च येईल असे ठरले. १९०८ साली कारखान्याने आपले बाकीचे सर्व नमुने बंद करून याच एका नमुन्यावर सारी भिस्त ठेविली. त्याच वर्षी या जातीची ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची गाडी आपल्या मुलखात येऊन मुंबई-कोल्हापूरच्या ६२० मैलांच्या शर्यतीत घाट चढून-उतरून यशस्वी झाली आणि पुढे ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती विकत घेतली. आज ज्या रस्त्यांवर चांगल्या गाड्यांचाही दम निघतो, ते घाट शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कसे असतील याची कल्पना केली म्हणजे संस्थानिकांस या गाडीचे वेड का लागले ते समजते.

अशी ही गाडी सुमारे एकोणीस वर्षे चालली आणि ७,८०० च्या वर विकली गेली. परंतु महायुद्ध संपल्यावर इतर कारखाने झपाट्याने पुढे आले, आणि नव्या युगाच्या एंजिनांपुढे घोस्टचे एंजिन जुनाट दिसू लागले. आता तिच्या जागी काय आणावयाचे? ज्या गाडीवर कारखान्याची सारी कीर्ती उभी, तिला निवृत्त करणे म्हणजे स्वतःच्याच सहीवर काट मारण्यासारखे. म्हणून नव्या गाडीचे काम अत्यंत गुप्तपणे चालविण्यात आले. तिला ‘ईस्टर्न आर्मर्ड कार’, म्हणजे पूर्वेकडील चिलखती गाडी, असे फसवे नाव दिले, आणि पाहणाऱ्याची खात्री पटावी म्हणून डार्बीच्या कारखान्यात चिलखती पत्र्याचे तुकडेही इकडेतिकडे टाकून ठेविले. १९२५ च्या मे महिन्यात ती ‘न्यू फँटम’ या नावाने प्रसिद्ध झाली. एंजिन नवे होते. पण खालचा सांगाडा बव्हंशी जुन्या घोस्टचाच! म्हणजे काळीज बदलले आणि हाडे तीच ठेविली. गिऱ्हाइकास धक्का बसू नये, जुनी ओळख मोडू नये, ही दृष्टी त्यात उघड दिसते. पण असली अर्धी निवड फार काळ टिकत नाही. जुनी गाडी एकोणीस वर्षे चालली होती. हिची डार्बीतील सद्दी चार वर्षांत संपली, आणि १९२९ साली सांगाड्यासकट सर्वस्वी नवी अशी दुसरी फँटम आणावी लागली.

या कथेत एक बारीक गोष्ट आहे. ‘सिल्व्हर घोस्ट’ हे मूळचे एकाच गाडीचे नाव. इतर शेकडो गाड्यांस कारखान्याच्या दप्तरी ते नव्हते. त्या सगळ्या ‘४०/५०’. नवी फँटम बाजारात आली, तेव्हा जुनी व नवी यांत भेद करण्यासाठी कारखान्याने जुन्या सर्व गाड्यांस अधिकृतपणे ‘सिल्व्हर घोस्ट’ म्हणावयास प्रारंभ केला. म्हणजे लाडक्या गाडीला तिचे लाडके नाव मिळाले ते ती जावयास निघाली तेव्हा. दारात उभी असेपर्यंत ती निव्वळ ‘गाडी’ असते. तिचा वारस ठरू लागला म्हणजे आपण तिला नाव देतो, तिच्या आठवणी गोळा करतो आणि तिचे गुण दुप्पट करून सांगतो. आमच्या घरीही नेमके तेच चालले होते, हे आम्हांस येथे प्रथम जाणवले.

दुसरा प्रसंगही इंग्लंडातलाच, पण कारखान्याऐवजी सरकारचा. रोव्हर कंपनीने १९५८ साली ‘पी-५’ नावाची एक भारदस्त सेडन काढली. १९६७ पासून तीत साडेतीन लिटरचे आठ नळकांड्यांचे एंजिन बसविले. त्या एंजिनाचे मूळ अमेरिकेतील ब्यूक गाडीचे. त्याचे हक्क रोव्हरने विकत घेतले होते. या गाडीत डामडौल नव्हता, पण प्रतिष्ठा होती. लाकडी फळ्या, चामड्याच्या बैठका आणि मंद चाल.  आपण तिला ‘मावशी’ म्हणू. हॅरल्ड विल्सन, एडवर्ड हीथ, जेम्स कॅलहॅन व मार्गारेट थॅचर हे चारही पंतप्रधान या मावशीतून फिरले. राणी एलिझाबेथ यांनाही ती प्रिय होती.

या मावशीचा वारस म्हणून कंपनीने एका नव्या मोठ्या गाडीची आखणी केली होती. पण तोवर रोव्हर आणि जॅग्वार एकाच मोठ्या कंपनीच्या छत्राखाली आल्या होत्या, आणि घरच्या घरात स्पर्धा नको म्हणून १९७१ साली ती योजनाच गुंडाळण्यात आली. १९७३ साली मावशीचे उत्पादन बंद पडले. तेव्हा सरकारने काय केले? निवड करण्याऐवजी निवड लांबणीवर टाकली. अखेरच्या गाड्यांपैकी एक तुकडी विकत घेऊन साठवून ठेविली आणि लागेल तशी एकेक बाहेर काढली. १९७९ च्या मे महिन्यात थॅचरबाई निवडणूक जिंकून डाउनिंग रस्त्यावर आल्या, त्या सहा वर्षांपूर्वीच बंद पडलेल्या जातीच्या गाडीतून! राज्य बदलले, पक्ष बदलला, धोरण बदलले. गाडी मात्र बदलली नाही. पुढे साठा सरत आला, आणि जॅग्वारकडे वळणे भाग पडले. लोणच्याच्या बरणीप्रमाणे गाडी साठविता येते, पण बरणीचा तळ केव्हातरी लागतोच. जुन्या गाडीचे सुटे भाग मिळेल तेथून आणून कोठीच्या खोलीत भरून ठेवणारे आमच्यासारखे गृहस्थ याच पंथाचे अनुयायी होत, हे कबूल केले पाहिजे.

तिसरा प्रसंग आपल्या देशाचा. स्वातंत्र्यापूर्वी येथे विलायती व अमेरिकन गाड्यांची जुळणी होत असे. जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून मुंबईत शिवडीस होता. परंतु १९५३ साली, ज्यांचा येथेच गाडी तयार करण्याचा कार्यक्रम नसेल त्यांनी निव्वळ जुळणीचा धंदा करू नये, असे सरकारी धोरण ठरले, आणि जनरल मोटर्स व फोर्ड या दोघींनी येथील काम आवरते घेतले. उरले ते थोडे देशी कारखाने. त्यांत शेठ वालचंद हिराचंद यांनी स्थापलेला कुर्ल्याचा प्रीमियर आणि बिर्लांचा कलकत्त्याजवळील उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्स हे प्रमुख. हिंदुस्थान मोटर्सने इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीची तिसरी आवृत्ती घेऊन १९५७ पासून तिला ‘अँबॅसडर’ या नावाने काढावयास प्रारंभ केला. गंमत अशी की, खुद्द ऑक्सफर्डजवळच्या काउली येथे ही आवृत्ती १९५६ ते १९५९ अशी तीनच वर्षे निघाली. आपल्याकडे ती २०१४ पर्यंत, म्हणजे ५७ वर्षे, निघत राहिली. मायदेशी अल्पायुषी ठरलेली ही गाडी परदेशी दत्तक येऊन पणजी होईपर्यंत जगली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अँबॅसडर ही आम्हां भारतीयांनी निवडलेली नव्हती. बाजारात दोन-तीनच गाड्या. त्यांसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावयाची. ज्याचा नंबर लागला त्याने पेढे वाटावे. मुलीने वर पसंत करण्याचा जेथे प्रश्नच नाही, तेथे संसार व्हावा आणि कालांतराने त्याच संसारात माया उत्पन्न व्हावी, तसेच या गाडीचे झाले. उंच छत, कोचासारखी मागची बैठक, कोणत्याही खेड्यातील मिस्त्रीस उघडता येणारे एंजिन. या गुणांनी ती मंत्र्याची झाली, जिल्हाधिकाऱ्याची झाली, लग्नाच्या वऱ्हाडाचीही झाली. पांढरी अँबॅसडर आणि तीवर लाल दिवा म्हणजे सरकार, हे समीकरण लहान मुलांसही पाठ होते.

पण परिचय हा नेहमीच गुण असतो असे नाही. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला करणारे दहशतवादी आवारात शिरले ते पांढऱ्या अँबॅसडरमधूनच. तीवर लाल दिवा होता आणि गृहखात्याची चिठ्ठी चिकटविलेली होती. ज्या रूपाविषयी देशाला आपुलकी व दरारा दोन्ही वाटत, तेच रूप मारेकऱ्यांनी पांघरले. त्यानंतर सुरक्षेचा विचार अधिक कडक झाला, आणि २००३ साली, अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना, त्यांच्यासाठी बी. एम. डब्ल्यू. कंपनीच्या ‘सेव्हन सीरीज’ जातीच्या चिलखती सेडन आणण्यात आल्या. येथे निवडीचा निकष सौंदर्य नव्हता, सुख नव्हते आणि स्वदेशीचा अभिमान तर नव्हताच. गोळी आणि स्फोट यांपुढे कोणता पत्रा टिकतो, एवढाच प्रश्न होता. इंग्लंडात साठा संपला म्हणून गाडी बदलली. आपल्याकडे भय उत्पन्न झाले म्हणून बदलली. उत्तरपाड्याचा कारखाना त्यानंतर अकरा वर्षांनी थांबला. पुढे २०१७ साली फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने नुसते ‘अँबॅसडर’ हे नाव ८० कोटी रुपयांस विकत घेतले. गाडी गेली तरी नावास मोल राहिले.

याच संदर्भात डॉ. मनमोहनसिंग यांची एक आठवण सांगण्यासारखी आहे. पंतप्रधान असताना ते फिरत ते चिलखती बी. एम. डब्ल्यू. मधून, त्यांची स्वतःची गाडी म्हणजे एक छोटी मारुती ८००. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या एका माजी सुरक्षा अधिकाऱ्याने सांगितले की, ताफा त्या छोट्या गाडीपुढून जाई तेव्हा डॉक्टरसाहेब तिच्याकडे पाहत, आणि आपली गाडी ती, ही मोठी नव्हे, असे म्हणत. ही साधेपणाची कथा म्हणून सर्वत्र सांगितली जाते, व ती तशी आहेच. परंतु आम्हांस तीत आणखी एक अर्थ दिसतो. मोठ्या गाडीत बसण्याचे कर्तव्य त्यांनी टाळले नाही. आवडते म्हणून छोटीच गाडी वापरीन, असा हट्ट धरिला नाही. कामास जी योग्य तीत ते बसले आणि प्रेम जेथे होते तेथे राहू दिले. काम आणि प्रेम या दोहोंचा हिशेब एकाच वहीत लिहू नये, हे त्यांना कळले होते.

या तिन्ही प्रसंगांचे तात्पर्य काय? रोल्स-रॉइसने नव्या गाडीत जुनीची हाडे ठेविली, इंग्रज सरकारने जुनीच साठवून ठेविली, आणि आपल्या सरकारने संकट दाराशी आल्यावर जुनी सोडली. तिघांच्याही वागण्याच्या मुळाशी एकच अपेक्षा होती. नव्या गाडीने आल्या दिवसापासून जुन्या गाडीसारखे आपले व्हावे, ही ती अपेक्षा. पण जुनी गाडी तरी आल्या दिवसापासून आपली कोठे होती? ती आपली झाली ती वर्षांनी. आज निवडीस तोटा नाही. मर्सिडीझसारखी गाडी १९९५ पासून आपल्या पुण्याजवळ पिंपरीस, व पुढे चाकणास, तयार होऊ लागली, आणि तेव्हापासून उंची गाड्यांच्या विक्रेत्यांची दारे मध्यमवर्गासही उघडी झाली. तेथे अश्वशक्ती मिळते, गादी मिळते, अपघातात छातीपुढे फुगणारी हवेची पिशवी मिळते. तीस-चाळीस वर्षांच्या सहवासाचा गुण मात्र कोणत्याही कारखान्यात जोडून मिळत नाही. म्हणून जुन्या गाडीशी तुलना करून नवी निवडू पाहणारा मनुष्य कधीच समाधान पावत नाही. तो एंजिनाची तुलना आयुष्याशी करीत असतो. आवड ही निवडीच्या आधी येत नाही, मागून येते. निवडीच्या वेळी पाहावयाचे ते काम : कोणास, कोठे आणि किती सुरक्षितपणे न्यावयाचे.

हा निष्कर्ष आम्ही मोठ्या समाधानाने लिहून काढिला, आणि तरीही आमचा जीव जुन्या गाडीतून निघेना. गेल्या पावसाळ्यात घाटात उतारावर ब्रेक सैल पडून आम्ही मातोश्रींसह कठड्यापाशी जेमतेम थांबलो होतो. दोष गाडीच्या कुळाचा नव्हे, तिच्या वयाचा आणि त्याहून अधिक आमच्या हयगयीचा. पण त्या दिवशी मागे बसलेल्या वृद्ध आईचा हात थरथरत होता, हे आम्हांस विसरता येत नाही. आणि तरी गाडी काढवत नव्हती. अखेर एका रविवारी मातोश्रींसच विचारले. त्या म्हणाल्या, “अरे, ही गाडी आली तेव्हा हे वर्षभर आधीच्या जुन्या गाडीच्या नावाने हळहळत होते. हिला नीट हातही लावीत नसत. तुला कशाला आठवेल? तू तेव्हा शाळेत होतास.”

आम्ही स्तब्ध झालो. तिन्ही प्रसंगांसाठी डार्बी, लंडन आणि दिल्ली पालथी घातली, पण घरातला साक्षीदार तपासावयाचा राहून गेला होता! ज्या गाडीस आम्ही वडिलांची म्हणून कवटाळून बसलो होतो, ती वडिलांच्या दृष्टीने एके काळी परकी, नवी, जुन्या गाडीची जागा बळकावणारी होती. तरीही त्यांनी ती घेतली. कारण, मातोश्रींनीच पुढे सांगितले, आजोबांस दर पंधरवड्यास वैद्याकडे न्यावे लागे आणि जुनी गाडी वाटेत बंद पडे.

त्यानंतर वाद राहिला नाही. कन्येने पसंत केलेल्या तीन सेडन आम्ही पाहावयास गेलो, पण कसोटी आम्ही ठरविली : मातोश्रींनी तीत बसावे, सरळ बसून पाहावे आणि कोणाचा हात न धरता उतरावे. पहिल्या दोन गाड्या दिसावयास देखण्या, पण इतक्या ठेंगण्या की उतरताना त्यांच्या गुडघ्यांस त्रास झाला. तिसरी त्यांस मानवली, तीच ठरली. ती पुढल्या महिन्यात येईल. जुनी गाडी मोडीत काढावयाची नाही असे आम्ही म्हणत होतो. पण तीही हौस अंगणाच्या मापापुढे टिकली नाही. तिचा पत्रा रीतसर मोडीस जाईल. मागच्या बैठकीची गादी तेवढी मातोश्रींनी ओसरीवर ठेवून घेतली आहे. दुपारी त्या तीवर बसून गहू निवडतात. नव्या गाडीविषयी आम्हांस अद्याप काहीच माया वाटत नाही. ती आणखी दहा वर्षांनी वाटेल, आणि तेव्हा बहुधा आमची कन्या तिचा वारस शोधावयास निघालेली असेल.